वेगळा कप

भाऊजींच्या रक्ताची काच मी भिंगाखाली सरकवली आणि मनात म्हटलं, बरे सापडलात.

हे माझे थोरले दीर. मी प्रयोगशाळेत लोकांचं रक्त हाताळते, म्हणून त्यांच्या घरात माझा कप वेगळा होता. माझ्या हातचं पाणीसुद्धा ते पीत नसत. चारचौघांत मला 'रक्तवाली' म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. नवरा गेला आणि महिन्याभरात त्यांनी माझी पेटी दाराबाहेर ठेवली. वर तो कपही आठवणीने ठेवला होता. तेव्हापासून त्यांचं वाटोळं व्हावं असं मी रोज म्हणत आले. खोटं कशाला बोलू?

आता थकवा, सारखा येणारा ताप आणि डाव्या बरगडीखाली जडपणा घेऊन ते आमच्या रुग्णालयात आले होते. यंत्राच्या हिशेबात लाल, पांढऱ्या, रक्त गोठवणाऱ्या, सगळ्याच पेशी कमी होत्या. फक्त मोनोसाइट, पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार, भरपूर. भिंगाखाली पाहिलं तर मोनोसाइट एकही नाही. यंत्राने ज्यांना मोनोसाइट समजून मोजलं होतं, त्या पेशींच्या कडांना बारीक केस फुटले होते, उसवलेल्या कापडाचे दोरे सुटावेत तसे. असल्या पेशी मी एवढ्या नोकरीत एकदाच पाहिल्या होत्या. रक्ताचा कर्करोग.

यंत्राचा अहवाल तसाच पुढे पाठवला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. सकाळभर काच बाजूला पडून राहिली. करावे तसे भरावे, मी कोण मध्ये पडणारी?

मग चहा पिताना मनात आलं, हे गेले तर लोक म्हणतील, देवमाणूस होता. आणि मी मान खाली घालून ते ऐकत उभी राहीन. एवढ्या स्वस्तात मला त्यांना सोडायचं नव्हतं.

काच मी डॉक्टरीणबाईंना दाखवली. त्यांनी भाऊजींचं पोट चाचपलं. प्लीहा चांगलीच वाढली होती. हाडातला मगज काढायला सुई घातली तर थेंब आला नाही. या आजारात सुई अशीच कोरडी निघते, म्हणून त्यांनी हाडाचा तुकडा काढला आणि पेशींवरच्या खुणा तपासायला मला पुन्हा रक्त घ्यायला सांगितलं. मग म्हणाल्या, "रक्ताच्या कर्करोगांत हा त्यातल्या त्यात शहाणा. औषध लागू पडलं तर वर्षानुवर्षं जगतील."

मेल्याला रोगसुद्धा चांगला मिळाला.

दुपारी भाऊजी माझ्यासमोर बसले आणि बाही स्वतःच वर केली.

"आजार कोणाच्या लक्षात आला?" त्यांनी हळूच विचारलं.

"रक्तवालीच्या," मी म्हटलं. "आता खूप जगा, भाऊजी. आणि कोणी विचारलं तर सांगत जा."

त्यांनी हात पुढे केला. नळी भरली तसे त्यांचे ओठ पांढरे पडले. मी हातमोजे काढले, हात धुतले, पाणी भरून पेला त्यांच्यापुढे धरला आणि तसाच धरून ठेवला. त्यांनी एकदा माझ्या हाताकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी पेला घेऊन सगळं पाणी प्यायले.

ते उठून गेल्यावर पेला मी स्वच्छ धुतला आणि आमच्या कपांपासून वेगळा ठेवला.