पित्तराच्या ताटातली गिलकी

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती. कोकिळा कुंभाराकडून नवी घागर घेऊन आली आणि भागामायनं, तिच्या सासूनं, तिला उंबऱ्यातच अडवलं.

"परत दी ये ती घागर."

"का बरं, आत्या?"

"कोनाकरता भरशी?"

कोणाकरता ते अख्ख्या गावाला माहीत होतं. मी समोरच्या ओट्यावर ठिबकच्या नळ्यांची बुजलेली भोकं खिळ्यानं मोकळी करत बसलो होतो, मलाही माहीत होतं. प्रेमराजकरता. भागामायचा एकुलता एक पोरगा, कोकिळाचा नवरा आणि माझा लंगोटीयार. भादव्यात विहिरीवरच्या मोटारीचा करंट लागून गेला. सव्वीस वर्षांचा होता.

मेल्या माणसाची पहिली आखाजी आली की त्याच्या नावानं घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, सांजोरी ठेवायची. आणि त्याच्याच वयाचा एक माणूस पाटावर बसवायचा, त्याचे पाय धुवायचे, त्याला पोटभर जेवू घालायचं. तो पित्तर. पित्तर जेवला म्हणजे मेलेला जेवला. आमच्या खान्देशातली रीत आहे, मी काही घरची सांगत नाही.

"त्यास्ले पानीनी तीस लागनी व्हई, आत्या," कोकिळा हळूच म्हणाली. "आठ महिना झायात."

"वीस वरीस मी तुना सासराले घागर भरी," भागामाय म्हणाली. "जितलं पानी कमी व्हये, तितलं मडकंच पे. मी रोज हात घाली देखे. मरी गया तो गया, वं माय. कोठेच नही तो."

तेवढ्यात झुलाल आबा काठी टेकत आले. गावात कुठं भांडण असलं की आबांना वास लागतो.

"भागा, तू श्रावणमा कानबाई बसाडस, सकाय-संध्याकाय देवीपुढे दिवा लावस, नि पितर मानत नही? देव शे ते वर बठ्ठंच शे ना!"

"देवी शे, आबा. ती नही म्हनाले मी काय येडी शे? ती पानी पाडस, कापूस पिकाडस, मानूस उचली लई जास. पन तिनं घर काय धरमशाळा शे का, जो मरी त्याले खोली देवाले? दिवा इझना म्हनजे जोत कोठे जास, सांगा बरं?"

"तुनं डोकं फिरी गयं," आबा म्हणाले आणि काठी आपटत निघून गेले.

डोकं फिरलंय असं गाव आधीपासूनच म्हणत होतं. प्रेमराजला गिरणेकाठी जाळून आलो त्या संध्याकाळी हिनं सुतकात देवीपुढं दिवा लावला होता. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. "काय लई गई ते तिले सांगाले नको?" एवढंच म्हणाली होती. तेव्हा रडली नाही, नंतरही नाही. कोकिळाही नाही. दोघी कापूस वेचायच्या, भाकरी थापायच्या, निजायच्या. त्या घरात भांडंसुद्धा आपटत नव्हतं. आणि मी तरी काय वेगळा होतो? प्रेमराजनं मोटारीचा बोर्ड उघडला तेव्हा मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. तेव्हापासून आत काही हलतच नाही. जेवण जातं, झोप लागते. याचाच राग येतो कधी कधी.

दुसऱ्या दिवशी खरी गोष्ट कळली. शिरपूरहून कोकिळाचा भाऊ मगन आला होता. त्यानं तिच्यासाठी स्थळ आणलं होतं. शाळेची गाडी चालवणारा माणूस, बायको वारलेली, पोरंबाळं नाहीत. गंधर्व, म्हणजे विधवेशी दुसरं लग्न, लावायला तयार होता, पण आखाजीपर्यंत हो की नाही ते पाहिजे होतं. मगननं बहिणीच्या हातापाया पडायचंच बाकी ठेवलं होतं.

आणि ही बया काय म्हणाली? प्रेमराजचं नाव न घेता म्हणाली, "त्या वर मनी वाट देखी राह्यनात. उद्या मी कोनतं तोंड दाखाडू? पित्तर बसाडसू, त्यास्ले इचारसू. हो म्हनात ते जासू, नही ते आठेच राहसू."

पित्तर कोण? मी. प्रेमराजच्या वयाचा, त्याच्याच भाऊबंदकीतला, गावात दुसरा होता कोण!

मी मनाशी ठरवून टाकलं. पाटावर बसायचं, पोरीनं विचारलं की डोळे मिटून 'जाय' म्हणायचं. माझ्या बापाचं काय जात होतं? चोवीस वर्षांची पोर, जन्मभर घागरी भरत बसणार होती का?

पण आखाजीच्या आदल्या दिवशी मी शेतात खिळा घेऊन नळ्यांशी झटत होतो, तिथं भागामाय आली. ऊन असं की ढेकळांना हात लावला तर चटका बसावा. ती बांधावर उभी राहिली.

"हिलाल, उद्या तू हो म्हनशी. माले म्हाईत शे."

"मंग? तिनं भलं व्हई."

"म्हनू नको. देवी ऐकस."

"अवं माय, तुले ते पितर मान्यच नही! मंग खोटं काय नि खरं काय?"

"म्हनीसनच सांगस. मना पोऱ्या नही शे, पन देवी शे. तिनापुढे त्याना नावनं खोटं बोलू नको." तिनं पदरानं मान पुसली. "आनि तू हो म्हनशी, ती जाई. मंग तठे जाईसन बी ती त्यानाच हुकूमवर जगी. त्या गाडीवाल्याले भाकर वाढी ते बी याले इचारीसन. ते काय जगनं शे का?"

मी चिडलो. "मंग नही म्हनू का? राहू देऊ तिले तुनाकडे?"

"माले बी ती राहावाले पाहिजे, रे," ती म्हणाली. "तिनाबिगर माले कोन शे?"

एवढं बोलून ती निघून गेली. मी खिळा फेकून दिला आणि तसाच उन्हात बसलो.

आखाजीच्या दिवशी दुपारी मला पाटावर बसवलं. घागर भरलीच होती. कोकिळानं ऐकलं नव्हतं, आणि शेवटी भागामायनंच तिला पाण्याचा हंडा उचलून दिला होता. माझे पाय धुतले, कपाळाला गंध लावलं, डोक्याला नवी टोपी घातली. पाटावर बसलेल्या माणसाला नावानं हाक मारायची नसते. मगन दाराशी बसला होता, झुलाल आबा खाटेवर. आबा आमंत्रण नसलं तरी येतात.

कोकिळानं ताट वाढलं. पुरणपोळी, आमरस, कुरडई, रशी आणि गिलक्याची, म्हणजे घोसाळ्याची, भजी. पित्तराच्या ताटात गिलक्याची भजी लागतातच. मला तर ती जीव की प्राण. पहिलं भजं उचलायला मी हात पुढं केला.

तेवढ्यात भागामाय वाकली. तिनं माझ्या ताटातली भजी एकेक करून उचलली, डाव्या हाताच्या तळव्यावर घेतली आणि स्वतःशीच पुटपुटली, "तुले आवडतस नही ना रे. कितली डाव सांगं इले..."

प्रेमराजला गिलकं चालत नसे. लहानपणापासून ताटात गिलकं दिसलं की उठून जायचा. गावात कोणाला माहीत नव्हतं असं नाही.

कोकिळाच्या हातातली आमरसाची वाटी तशीच राहिली.

"आत्या," ती म्हणाली, "त्या जेवाले उनात का?"

मी भागामायकडं बघितलं. तिच्या हातात चार भजी. तिनं नुसतं 'हो' म्हटलं असतं, किंवा काहीच म्हटलं नसतं, तरी पुरे होतं. कोकिळा जन्मभर त्या घरात राहिली असती. म्हातारीला लेकही मिळाला असता आणि सूनही. खाटेवरचे आबा हात जोडून बसले होते. मला वाटलं, आता ही हो म्हणणार. आणि खोटं कशाला सांगू, मलाही वाटलं तिनं म्हणावं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी हवं होतं.

भागामायनं तळव्याकडं बघितलं. मग एकेक भजं परत माझ्या ताटात ठेवलं. चौथं पाटाखाली पडलं.

"नही वं, बेटा," ती म्हणाली. "मना हात भुलना. कोनी नही उनं. हा हिलाल शे. खाय रे, हिलाल. तुले आवडतस."

तिनं माझं नाव घेतलं. पाटावर बसलेल्या पित्तराला नावानं हाक मारली. आबा 'हरी हरी' करत उठले आणि चप्पल न घालताच बाहेर गेले.

मी भजं खाल्लं. दुसरं खाल्लं. चव लागली नाही, पण सगळी खाल्ली, पाटाखालचंही. मला दुसरं काही सुचलंच नाही.

कोकिळा कितीतरी वेळ माझ्याकडं बघत होती. ती मला विचारणार होती ना? तिनं काही विचारलं नाही. खाली बसली, माझ्या पोळीवर आमरस घातला आणि म्हणाली, "आखो थोडा रस लेवा, हिलालभाऊ."

मग सासूकडं वळून म्हणाली, "मी जाऊ का, आत्या?"

"त्याले इचारू नको, माले बी इचारू नको. तुले जानं शे का?"

"माले म्हाईत नही."

"मंग जाय, देखी ये. नही पटनं ते हाई घर शेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मगननं पिशवी उचलली. चाळीसगावला जाणारी काळीपिवळी पारावर उभी होती. कोकिळा गाडीत बसली, पुन्हा उतरली, सासूच्या पाया पडली. "श्रावणमा कानबाईले येसू," म्हणाली.

"ये," भागामाय म्हणाली.

पुढच्या आखाजीचं, घागरीचं दोघींनीही काही काढलं नाही. गाडी धुरळा उडवत गेली.

मी टोपी परत द्यायला भागामायच्या मागोमाग घरी गेलो. ती पित्तराला दिलेली असते, परत करायची नसते, पण माझ्यानं ठेववत नव्हती. भागामायनं देवीपुढं दिवा लावला, हात जोडले, नेहमीसारखे. मग कोपऱ्यातल्या घागरीजवळ गेली, डांगर खाली ठेवलं आणि पाण्यात हात घातला.

"दोन बोटं कमी झायं," ती म्हणाली.

मी वाकून घागरीत बघितलं.

"मडकं पेस," ती म्हणाली. "नवं शे ना."

पण हात तिनं बाहेर काढला नाही. मी टोपी खुंटीला अडकवून निघालो तरी ती तशीच वाकून उभी होती, हात कोपरापर्यंत पाण्यात.