बॅटरी गेली

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मामाला हार म्हणून पचत नसे. पत्ते असोत की कॅरम, हरायची वेळ आली की त्याला नेमकी तहान लागायची आणि डाव अर्धा टाकून तो उठायचा. त्याच्या बहिणीला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी तिनं त्यालाच आठवडाभर बोलावून घेतलं, कारण ती नर्स, तिची दिवसपाळी, नवरा दौऱ्यावर, आणि अकरा वर्षांची लेक पाय प्लास्टरमध्ये घालून घरात. लेक शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. चेंडू अडवायला झेपावली आणि थेट खांबावर आदळली.

भाचीकडे हातात धरून खेळायचा गेम होता. यंत्र वहीएवढं. टेबलावर उभं करायचं, दोन्ही कडांच्या बटणांच्या पट्ट्या सोडवून घ्यायच्या आणि दोघांनी एकेक हातात धरून फुटबॉल खेळायचा. पहिल्या दिवशी मामा आठ सामने हरला.

"सवय नाही गं मला."

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "माझं बटण अडकतंय." भाचीनं निमूटपणे आपली पट्टी त्याला दिली, त्याची आपण घेतली आणि पुन्हा पाच गोल मारले.

शनिवारी दुपारी संघातल्या तिघी मैत्रिणी तिला भेटायला आल्या. पलंगावर दाटीवाटीनं बसून त्या सामना बघू लागल्या. मामाला चेव चढला. "आज बघाच," असं म्हणून गेला आणि अर्ध्या वेळेतच चार गोल खाऊन बसला. चौथा तर त्यानं स्वतःच्याच जाळ्यात मारला. तिघी हसून हसून लोळल्या.

"मामा, तुमचा गोलकीपर जेवायला गेलाय का?"

मामाचे कान तापले. "काचेवर ऊन येतंय," असं पुटपुटत तो यंत्र सरकवायला वाकला आणि वरच्या कडेचं चालू-बंदचं बटण त्यानं अंगठ्यानं दाबून धरलं. पडदा काळा झाला.

"अरेरे! बॅटरी गेली वाटतं."

भाचीनं आधी त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. सकाळीच तिनं चार्जिंग पूर्ण केलं होतं. तारही त्यानंच गुंडाळून ठेवली होती.

"हो," ती म्हणाली. "जुनी झालीये बॅटरी. मध्येच जाते."

मामाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं भांडायला हवं होतं, मैत्रिणींदेखत त्याची शोभा करायला हवी होती. त्याऐवजी एवढ्याशा पोरीनं त्याची लाज झाकली होती.

संध्याकाळी बहीण आली. बॅटरीचं कळताच म्हणाली, "मग तू बघ ना उघडून. एवढ्या लिफ्टा दुरुस्त करतोस, हे काय मोठं?"

मामा पेचकस घेऊन बसलासुद्धा. दोन स्क्रू काढले. समोर भाची बघत होती. तिसऱ्या स्क्रूला त्याचा हात थांबला.

"काही बिघडलेलं नाही," तो मान खाली घालून म्हणाला. "मी बंद केलं. हरत होतो म्हणून."

बहिणीनं कपाळावर हात मारला. "चाळिशी उलटली तुझी!"

"आई, जाऊ दे ना," भाची म्हणाली.

"नाही, जाऊ कसं देणार? तुला माझ्यापायी खोटं बोलावं लागलं." त्यानं तिच्याकडे पाहायचा प्रयत्न केला, पण नजर प्लास्टरवरच अडकली. "त्या तिघींनाही सांगतो मी."

रविवारी सकाळी तो शाळेच्या मैदानावर गेला. तिघी सराव करत होत्या. मोठ्या माणसांपुढे बोलणं सोपं असतं, निदान ती तोंडदेखलं तरी "असू दे" म्हणतात. इथे ती सोय नव्हती. कसंबसं त्यानं सगळं सांगून टाकलं.

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यातली उंच पोरगी पायाखाली चेंडू घोळवत म्हणाली, "आम्हाला दिसलं होतं मामा. तिनंच डोळ्यांनी खुणावलं, गप्प बसा म्हणून."

म्हणजे खोलीत फसलेलं कुणीच नव्हतं. चार मुलींनी मिळून एका बाप्याला सांभाळून घेतलं होतं. "बरं," एवढंच म्हणून तो परत फिरला. रस्त्यात ओळखीचा लिफ्टमन भेटला, तर त्यालाही त्यानं टाळलं.

घरी भाची वाट बघत होती. "चिडल्या का?"

"नाही. त्यांना माहीतच होतं."

ती ओशाळली. "तुला वाईट वाटू नये म्हणून रे..."

"वाटायलाच हवं होतं," मामा म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. "खेळणार का?"

पाच-शून्य झाल्यावर त्याच्या घशाला कोरड पडली. तो उठला नाही. सातवा गोल बसेपर्यंत खेळला, शिट्टी ऐकली आणि मान खाली घालूनच म्हणाला, "जिंकलीस."

"हं," भाची म्हणाली. ती हसली नाही, आणि त्यालाही हसू आलं नाही.