ब्रुल्योचा चढ

एमीलने पुठ्ठ्याचा साचा डांबरावर ठेवला, काठीच्या टोकाने दाबून धरला आणि म्हणाला, "हं, मार."

सोलेनने डबा खळखळ हलवून पिवळा रंग फवारला. साचा उचलल्यावर रस्त्यावर बाण उरला, टोकाशी जरा फिसकटलेला.

"वारा कुठून येतोय ते आधी बघावं," एमील म्हणाला. "आणि खाली बसून मार. उभ्याने रंगवायला ही काय भिंत आहे?"

"बसते, गुरुजी."

"दुसरा बाण ऐन वळणावर. तिसरा वळून गेल्यावर. आधी सांगायचं, मग वळवायचं, मग दिलासा द्यायचा की बाबा रे, बरोबर चाललायस. तो तिसरा विसरलीस तर उद्या निम्मे लोक सीमा ओलांडून जर्मनीत पोचतील."

"सगळ्यांच्या फोनवर रस्ता आहे, एमील."

"या जंगलात फोनला माझ्याइतकंच कमी ऐकू येतं."

सोलेन हसली आणि पुढच्या बाणासाठी चालू लागली. बत्तीस वर्षांची ही पोरगी शाळेत भूगोल शिकवायची, आणि हिवाळ्यापासून गावच्या सायकल क्लबची चिटणीस झाली होती. उद्या रविवारी क्लबची वार्षिक फेरी होती: खोऱ्यातून निघून तीन खिंडी चढून परत, एकशे दहा किलोमीटर. आदल्या दिवशी रस्त्यावर बाण काढायचं काम वर्षानुवर्षं एमीलचं. मार्गही तोच आखायचा. पूर्वी बाण काढून दुसऱ्या दिवशी तो स्वतः फेरीतही असायचा. पण मार्चमध्ये खुबा बदलला, तेव्हापासून सायकल भिंतीला आणि हा गाडीत, शेजारच्या सीटवर. शहात्तराव्या वर्षी माणसाला सामानासारखं उचलून न्यावं लागतं, याचा त्याला भयंकर राग यायचा.

गाडी फर वृक्षांच्या दाट सावलीतून निघाली. एमील खिडकीतून एकेक वळण ओळखत होता. इथे ऐंशी साली पाऊस एवढा कोसळला होता की गिल्बेरने चक्क ओढ्यातून सायकल चालवली. त्या दगडावर बसून सगळ्यांनी एकदा एकाच चाकातली सोळा पंक्चरं मोजली. ते सगळे लोक आता कुठे आहेत? बहुतेक चर्चमागच्या दफनभूमीत. एखाददुसरा मुलीकडे, दक्षिणेला, उन्हात.

"पुढच्या फाट्यावर सरळचा बाण," सोलेनने कागद पाहिला. "नवा रस्ता. खरंच सांगते, तो ब्रुल्योचा चढ मार्गातून वगळला तेव्हापासून नावनोंदणी दुप्पट झालीये. लोक त्या चढाला काय काय शिव्या देतात, तुम्हाला कल्पना नाही."

"आहे," एमील म्हणाला. "मीच सगळ्यात मागे असायचो. सगळ्या ऐकत ऐकत यायचो."

ब्रुल्योचा चढ म्हणजे मुख्य रस्ता सोडून मारलेला पाच किलोमीटरचा वळसा. डांबर उखडलेलं, चढ असा की पुढचं चाक उचललं जावं. वर एक एकटं शेतघर, आणि मग उतरून पुन्हा त्याच रस्त्याला. जानेवारीच्या बैठकीत सोलेनने सरळ विचारलं होतं, हा वळसा कशासाठी? एमील म्हणाला होता, देखावा चांगला आहे. सगळे खो खो हसले होते. तिथे दोन्ही बाजूंना जंगल. देखावा म्हणाल तर बुंधे. मग मतदान झालं आणि एमीलनेही वळसा काढून टाकायच्या बाजूनेच हात वर केला. विरोध करायचा तर कारण सांगावं लागलं असतं.

"त्या शेतघरी मी मंगळवारी फोन केला होता," सोलेन म्हणाली. "दरवर्षी ते म्हातारे ब्रँबेलची, त्या रानातल्या जांभळ्या फळांची, टार्ट ठेवतात ना टेबलावर. म्हटलं, उगाच रानात जाऊन फळं वेचत बसतील बिचारे. सांगितलं, या वर्षी आम्ही येणार नाही, तुम्ही त्रास घेऊ नका."

एमीलने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"काय म्हणाले?"

"'बरं' म्हणाले, एवढंच. पण फोन ठेवेनात. मी हॅलो हॅलो करतेय, तिकडून नुसता श्वास. शेवटी मीच ठेवला."

  हे काम पोरीने चांगुलपणाने केलं होतं, तिला बोल लावायची सोय नव्हती. चूक कुणाची असलीच तर बैठकीत हात वर करणाऱ्याची.

तो म्हातारा म्हणजे तेओ, एमीलचा थोरला भाऊ. एमील गिरणीत कामाला खाली खोऱ्यात आला आणि तेओ वर राहिला, गाईंपाशी, आईपाशी. तेहतीस वर्षांपूर्वी आई शेवटची आजारी होती. रविवारी मी दुपारपासून बसेन तिच्याजवळ, असं एमीलने कबूल केलं होतं. रविवारी ऊन लख्ख पडलं. त्याने आणखी एक खिंड घेतली, मग आणखी एक. संध्याकाळी पाचला सायकलीच्या बुटांनी टक टक करत तो आईच्या खोलीत शिरला, तेव्हा तेओ खिडकी उघडत होता. तिचा आत्मा बाहेर जावा म्हणून उघडतात, तशी. तेओने त्याच्या बुटांकडे पाहिलं आणि बाहेर निघून गेला. त्या दिवसापासून तो एमीलशी एक शब्द बोलला नाही. एमीलनेही विचारलं नाही, कारण विचारायला तोंड कुठे होतं?

पुढच्या वर्षी मार्ग आखताना त्याने क्लबच्या फेरीला ब्रुल्योचा वळसा घातला. स्वतःच्या घरी जायला सत्तर सायकलवाले सोबत लागले त्याला! पहिल्या वर्षी तेओ कुंपणामागे हाताची घडी घालून उभा होता. दुसऱ्या वर्षी कुंपणाशी पाण्याची बादली आणि ओगराळं दिसलं. मग तेओच्या बायकोने, इव्हेतने, टार्ट ठेवायला सुरुवात केली. सगळे थांबायचे, खायचे, बोटं चाटायचे. एमील तेवढा थांबायचा नाही. हँडलवरून चार बोटं उचलायचा, तेओ हनुवटी हलवायचा, की झाली भेट. पुढचं वर्षभर पुरायची. दोन वर्षांपूर्वी इव्हेत गेली. एमील चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला आणि सगळ्यांच्या आधी निघाला. त्यानंतरही टार्ट होतीच टेबलावर, फक्त आता खालून करपलेली असायची. लोक मुकाट्याने खात.

"अगं बाई, हे काय!" सोलेनने करकचून ब्रेक लावला.

फाटा आला होता. फाट्याच्या बरोबर मधोमध, डांबरावर, एक प्रचंड नारिंगी बाण होता. गाईएवढा. एका बाजूला फुगलेला, शेपटीशी वाकडा, आणि त्याचं टोक उजवीकडे, ब्रुल्योच्या चढाकडे.

"कुणाचा खोडसाळपणा हा?" सोलेन उतरली. "शेजारच्या क्लबवाल्यांचा असणार. गेल्या साली त्यांनी आपले बाण पुसले होते, आठवतंय? माणसं चुकतील उद्या!" तिने डिकीतून जुने बाण झाकायचा काळा रंग काढला आणि डबा हलवू लागली.

एमील काठी टेकत बाणापाशी आला. असा बाण सायकलवाला कधी काढणार नाही. सायकलवाल्याला माहीत असतं की वळणाची खबर तीस मीटर आधी द्यायची. ऐन वळणावर दिली तर तो ब्रेक मारून तोंडावर पडतो. आणि रंगही सायकलवाले बाजारातून आणतात तो नव्हता. ओंडक्यांवर आकडे घालायला जंगलात वापरतात तो होता. तेओच्या लाकडाच्या शेडमध्ये त्याचे डबे फळीवर ओळीने असायचे.

"थांब," एमील म्हणाला. "नको पुसू."

"अहो, पण..."

"माझ्या भावाने काढलाय."

सोलेनचा हात तसाच राहिला. "तुम्हाला भाऊ आहे?"

"तू मंगळवारी ज्याला फोन केलास, तो."

 ती डबा खाली ठेवून म्हणाली, "आणि बैठकीत तुम्ही देखावा म्हणालात! धन्य आहे तुमची."

"मग काय म्हणायला हवं होतं?"

सोलेनने डबा उचलून परत डिकीत टाकला. दोघं बसल्यावर तिने गाडी उजवीकडे वळवली.

गाडी पहिल्या गियरमध्ये कण्हत चढू लागली. पन्नास पावलांवर दुसरा बाण. मग तिसरा. पुढे फाटा नाही, पायवाट नाही, चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही असा एकमेव रस्ता, आणि त्यावर एकापुढे एक बाण, एकापुढे एक, नारिंगी, वाकडेतिकडे. एके ठिकाणी रंग मारणाऱ्याचा तोल गेला असावा; तिथे डांबरावर पाच बोटं उमटली होती. एकोणऐंशी वर्षांचा माणूस हे वाकून वाकून काढत गेला होता. एमीलने खिडकीची काच खाली केली. त्याला नीट दिसत नव्हतं आणि दोष काचेचा नव्हता.

शेवटचा बाण रस्त्याने पुढे गेलाच नाही. तो डावीकडे वळून उघड्या फाटकातून सरळ अंगणात शिरला होता.

तेओ लाकडाच्या ढिगाशी ओंडक्यावर बसला होता. गाडी पाहून त्याने नारिंगी झालेले हात पाठीमागे घेतले. कुत्रं भुंकलं. एमील उतरला. फाटकापासून ओंडक्यापर्यंत वीस पावलं असतील. त्याला ती सगळ्या खिंडींहून लांब वाटली.

"वाकडा आलाय," तो म्हणाला. आणखी काही सुचलंच नाही.

"सकाळपासून वाकतोय," तेओ म्हणाला. त्याचा आवाज आता वडिलांसारखा झाला होता. "कंबरेचा पार भुगा झालाय." मग त्याची नजर काठीकडे गेली आणि तिथेच थांबली. "हे कधी झालं?"

"मार्चमध्ये."

"मला कुणी सांगितलं नाही."

"नाही."

तेओने ढिगाला हात टेकून स्वतःला उभं केलं. उभा राहिल्यावरही तो हात त्याने काढला नाही.

"आत चल," तो म्हणाला. "किती वेळ उभा राहशील त्या पायावर?"

एमील गाडीकडे वळला. सोलेन स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसली होती, जणू तिला काही ऐकूच येत नव्हतं.

"पोरी," तो म्हणाला, "पुढचे बाण तू काढ. मला वेळ लागेल."