एकदाच आलेला शब्द

माझ्या सख्ख्या भावाच्या, रुपचंदभाऊच्या ताकदीविषयी पिंपळनेरच्या आसपास कुणालाही विचारा. जत्रेत बारागाड्या ओढायचा तो. एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, त्यांत खचाखच बसलेली माणसं, आणि पुढे बैल नाहीत, एकटा देवीचा भगत, म्हणजे आमचा भाऊ. कुणी पाठ थोपटली की भाऊ म्हणायचा, बळ माझं नाही, देवीचं आहे. मला हे नम्रतेचं नाटक वाटायचं. मी पडले शाळामास्तरीण, मला कशातही नाटक दिसतं.

गेल्या वर्षी त्याच्या हातातून दुधाची बादली निसटली. मग सदऱ्याची बटणं लावता येईनात, मग ओट्याची पायरी चढवेना. धुळ्याच्या डॉक्टरांनी नाशिकला पाठवलं. तिथं सांगितलं की अंगातले स्नायू सुकत जाणारा आजार आहे, औषध नाही, पुढे बोलणंही जाईल. गावात मात्र औषधांचा सुकाळ. जो येई तो एक मुळी सांगे आणि जाताना 'हिंमत ठेव' म्हणे. मला संताप यायचा. हिंमत ठेवायला अंगात जागा तर हवी.

मी धुळ्याला राहते. निवृत्तीनंतर घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं म्हणून जीवराम सरांना मदत करू लागले. सर नवापूरकडचे, ख्रिस्ती, पुण्याला हिब्रू शिकून आलेले. ते बायबल अहिराणीत आणताहेत आणि त्यातली अहिराणी मी तपासते. शेजारच्या लताबाईंनी मला दबक्या आवाजात विचारलं, बाटलात की काय? मी म्हटलं, व्याकरण तपासून कुणी बाटत नाही, नाहीतर शाळेतली निम्मी पोरं संस्कृत पंडित झाली असती.

एका स्तोत्रापाशी आमची गाडी अडली. गाणारा माणूस मरणाच्या दारात पडलाय आणि म्हणतो, मी 'एयाल' नसलेला पुरुष झालो. एयाल म्हणजे बळ. मी म्हटलं, मग ताकद लिहा, जोर लिहा, त्यात काय एवढं? सरांनी मान हलवली. हिब्रूत बळाला कितीतरी शब्द आहेत आणि ते ग्रंथभर हिंडतात. हा शब्द मात्र साऱ्या ग्रंथात एकदाच येतो, तोही 'नाही'चा हात धरून. शिवाय शेजारच्या भाषेत त्याच्या नात्यातला जो शब्द आहे त्याचा अर्थ होतो मदत. म्हणजे हे बळ बाहेरून आधार मिळाल्यासारखं. असा शब्द काही मला सापडेना.

त्याच आठवड्यात मी पिंपळनेरला गेले. कोकिळावहिनी भाऊला उठवून बसवत होती. तिच्या मनगटाएवढाच राहिला होता त्याचा दंड. तिनं चमच्यानं चहा पाजला, अर्धा हनुवटीवरून ओघळला. भाऊ माझ्याकडे पाहून लाजल्यासारखा हसला आणि जड जिभेनं म्हणाला, "बाई, आंगमा तरान नही ऱ्हायनं."

तरान. आपलं त्राण. संस्कृतात त्राण म्हणजे रक्षण, मराठीत म्हणजे बळ, आणि आपण कधी 'अंगात त्राण आहे' म्हणतो का? ते 'नाही'बरोबरच येतं. मला इतका आनंद झाला की मी मांडीवर थाप मारली. वहिनी बघतच राहिली. मग मला माझीच चीड आली, भाऊच्या ओघळलेल्या चहासमोर मी शब्द सापडल्याचा सण करत होते.

काय झालं म्हणून भाऊनं विचारलं. मी सगळं सांगितलं, तो गाणारा, तो शब्द, त्याच्यापुढचं 'नाही'. तो एकेक शब्द ओढत म्हणाला, "तठे नही कसाले? 'शे' लिख ना, बाई. लिखाले काय जास?"

'नाही'च्या जागी 'आहे' लिही म्हणे! थट्टा असेल म्हणून मी हसले. तो हसला नव्हता. जन्मात त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता मागितलं ते एवढंसं. मी म्हटलं, सरांना विचारते.

विचारलं. माझ्याच विद्यार्थ्यानं असं काही विचारलं असतं तर मी त्याला बाकावर उभा केला असता, हे ठाऊक असूनही विचारलं. सर रागावले नाहीत. 'तरान' त्यांना फार आवडलं होतं, तिथल्या तिथे पक्कं करून टाकलं. बाकीच्याला त्यांचाही इलाज नव्हता.

"ताई, हा शब्द दुसरीकडे कुठे 'आहे' म्हणून आला असता," ते म्हणाले, "तर आपण भाऊंना तिथे नेलं असतं."

पुन्हा गेले तेव्हा भाऊचं बोलणं बंद झालं होतं. डोळे तेवढे आमचं सगळं ऐकत होते. मी बसायच्या आधीच वहिनी त्याच्या वतीनं विचारती झाली, "ताई, काय लिखं मंग?"

'शे' लिहिलं म्हणून सांगायचं असं मी बसमध्ये ठरवलं होतं. कोण बघायला येणार होतं? पण भाऊची नजर माझ्या तोंडावर होती आणि तोंडातून निघालं, "नहीच, भाऊ. तठे नहीच शे."

त्यानं डोळे मिटले. मला रडू आलं आणि ते लपवावंसंही वाटलं नाही. वहिनीनं पदरानं त्याची हनुवटी पुसली, उशी सरळ केली, आणि मला धीर द्यावा तसं विचारलं, "आनी पुढे? पुढे तो गानारा बरा व्हई जास ना?"

ते गाणं अंधारात संपतं. शेवटच्या ओळीपर्यंत कुणी त्याच्या मदतीला येत नाही.

"तिथवर अजून वाचलं नाही, वहिनी," मी म्हटलं.

भाऊनं डोळे उघडले. लहानपणापासून माझं खोटं सगळ्यांत आधी त्याला कळायचं आणि तो ते लगेच आईला सांगायचा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.