हा काही मायक्रोफोन नव्हे

मी एक भोपळा. भाजीचा नव्हे, वाळवून, आतून कोरून, तोंडाला पितळी कडं बसवलेला, मुठीत मावणारा. माझ्यात येर्बा नावाचा कडू पाला घालतात, वरून गरम पाणी ओततात आणि धातूच्या नळीनं ओढून पितात. आमच्या उरुग्वेत त्याशिवाय दिवस उगवत नाही.

मिर्तानं मला जत्रेत पारखून घेतलं. ती गावच्या ‘ला रिबेरा’ दैनिकात खिडकीशी बसून निधनाच्या बातम्या लिहून घ्यायची. रडत आलेल्या माणसाच्या हाती आधी मी, मग कागद.

कचेरीत ओतणार फक्त मिर्ता. एकानं पिऊन मला परत दिलं की ती पुन्हा भरून पुढच्याला देई. मला धरून कुणी गप्पा छाटत बसला, की ती म्हणे, “हा काही मायक्रोफोन नव्हे.” बातमीदार एल्बिओला हे रोज ऐकावं लागे.

मग जाहिराती आटल्या, पानं कमी झाली. एका सकाळी मालक ओराशिओ म्हणाले, “निधनाच्या बातम्यांची खिडकी किंवा बातमीदार, एकच परवडेल. दुपारी सांगतो.”

त्या दिवशी मला क्षणाची उसंत नव्हती. मिर्ता ओतत सुटली. पाणी इतकं कढत की पाला करपला. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

“मिर्ताताई, पाणी उकळलंय की तुम्ही?” एल्बिओनं विचारलं.

“गप पी. तुझी जीभ भाजली तर गावाचं भलंच होईल.”

दोघं हसले. लगेच दोघांनीही मालकांच्या दाराकडे पाहिलं.

मालक आले. त्यांनी मला घेतलं, ओढलं. पाणी संपून तळाशी नळी गुरगुरली, तरी परत देईनात. त्यांच्या तळव्याला घाम सुटला होता.

“ओराशिओ,” मिर्ता म्हणाली, “हा काही मायक्रोफोन नव्हे. पण आज बोलून टाका.”

“खिडकी बंद करतोय, मिर्ता.” ते जमिनीकडे बघत होते. “लोक आता फोनवरच कळवतात.”

एल्बिओचा सुटलेला श्वास सगळ्यांना ऐकू गेला. मग त्याची मान वर होईना.

मिर्तानं मला धुतलं, पुसलं, पिशवीत टाकलं.

“भोपळा तरी राहू द्या,” तो पुटपुटला.

“तुला ओतता कुठे येतं? सगळा पाला एकदम भिजवतोस.”

आता मी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. ती भरते, पिते, पुन्हा भरते आणि सवयीनं उजवीकडे हात पुढे करते. तिथे कुणी नसतं. मग उठते, येरझाऱ्या घालते, पुन्हा बसते.

काल कचेरीच्या वेळेला तिनं थर्मास बगलेत मारला, मला हातात घेतलं आणि कचेरीसमोरच्या बाकावर जाऊन बसली. एल्बिओनं पाहिलं. रस्ता ओलांडून आला.

“एकट्याच पिताय?”

“बस.”

तो प्यायला. नळी गुरगुरली. तरी तो मला दोन्ही हातांत धरून बसला.

“मालकांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलंय,” एवढंच म्हणाला.

मिर्ताच्या ओठांवर जुनं वाक्य आलं होतं. तिनं ते गिळलं.

“धर,” म्हणाली. “घाई नाही.”

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. नुसतं ठेवलं तर मला बुरशी लागते. म्हणून मला हातात घ्या, लागेल तेवढा वेळ धरा. पण परत द्या. शेजारी कुणीतरी वाट बघत असतं.