खिळ्यावरचा कॅमशाफ्ट

जालिंदरने क्लच जाळला, हे सगळ्यांच्या देखत पहिल्यांदा मी म्हणालो. क्लच ड्रायव्हर जाळतो, मिस्त्री जाळत नाही, असंही वर ऐकवलं. त्याची बहीण जाऊन तेव्हा तीनच दिवस झाले होते.

मी मल्लप्पा. सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं गॅरेज आहे आणि ‘चुकलो’ म्हणायची मला सवय नाही. जालिंदर दुधनीचा. त्याची जुनी अँबॅसिडर टॅक्सी होती. लग्नाची वऱ्हाडं कमी, पेशंटच जास्त. दुधनीहून सोलापूरच्या सिव्हिलला न्यायचे. चौऱ्याहत्तरच्या चैत्रात एक म्हातारा त्याच्या गाडीतच गेला, सोलापूर हाकेवर आलेलं असताना. तेव्हापासून जालिंदरच्या डोक्यात एकच घोळत होतं.

“मल्लूअण्णा, पंधरा मिन्टं कमी करून द्या की,” तो म्हणाला. “दुसरं काय मागत न्हाय.”

इंजिन खोललं तर कॅमशाफ्ट झिजलेला निघाला. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला दांडा. त्याच्यावरचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. किती उघडायचे आणि किती वेळ, ते तोच ठरवतो. म्हणजे गाडीचा स्वभाव त्याच्यात असतो. माझ्या भिंतीवर दोन खिळ्यांना दोन दांडे तेलाच्या फडक्यात गुंडाळून टांगलेले होते. एक साधा, अशाच टॅक्सीतून काढलेला, जवळजवळ नवा. दुसरा अकलूजच्या एका बागायतदाराच्या मोडीत निघालेल्या विलायती मोटारीतला. मोटार दोन माणसांची, शर्यतीच्या घडणीची. पण इंजिनाची जात तीच, त्यामुळे दांडा बरोबर बसायचा. त्याचे उंचवटे अंगठ्याखाली असे भरदार लागायचे की मी दुपारी काम नसलं की तो उगाच उतरवून बघत बसायचो.

मी तोच बसवला. खरं सांगायचं तर जालिंदरच्या पेशंटांसाठी नाही. असला दांडा सोलापुरात आपल्या हाताने पळवून दाखवायचा, ही माझी खाज होती.

दोन दिवस कार्बोरेटरशी झटलो. व्हॉल्व्हच्या टॅपेटची फट मी पट्टीने मापत नाही. सिगारेटच्या पाकिटातला कागद सरकवतो आणि बोटाला कळतं. तिसऱ्या दिवशी सकाळी एकटाच गाडी घेऊन सरळ रस्त्याला लागलो. सुरुवातीला सुस्त, पण इंजिन एकदा वर चढलं की मागून कोणी ढकलावं तशी सुटली. काटा शंभराच्या पुढे गेला तेव्हा मी गाडीत एकटाच मोठ्याने हसलो.

जालिंदरने गाडी चालू केली आणि कान लावला. “ही जाग्यावर लंगडतीय की, अण्णा.”

“घोडं हुबं ऱ्हाताना पाय हालिवतंच.”

“न्हाय, पर खालची वढ कमी वाटतीया. माणसं घालून बघू का एकदा? पेशंटासंगं माणसं असत्यात.”

“मला शिकवतूस?” मी म्हणालो. “पळवून बघ आन् मग बोल.”

तो मोकळी गाडी घेऊन दुधनीला गेला आणि मोकळी गाडी वाटेतल्या नाल्याच्या फरशीचा चढ चढलीसुद्धा.

पुढचं मला धर्मपालने सांगितलं. धर्मपाल म्हणजे जालिंदरच्या बहिणीचा, नागूबाईचा नवरा. दुसऱ्याच दिवशी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि मूल आडवं आलं. आमच्याकडे पेशंट एकटा कधी जातो का? आई भीमाबाई, सासू, मावशी, सुईण, धर्मपाल, चुलता, वर अंथरूण आणि पाण्याची कळशी. जालिंदर धरून आठ माणसं. नाल्याच्या फरशीवर समोरून बैलगाडी आली म्हणून गाडी थांबवावी लागली. तिथून पुढे उभा चढ. हळू सोडली की बंद पडायची, म्हणून त्याने इंजिन वर चढवून गाडी अर्ध्या दाबलेल्या क्लचवर धरली. दोनदा, चारदा, दहादा. शेवटी धूर निघाला. सगळ्यांनी उतरून ढकलत गाडी वर नेली, पण क्लच संपलेला, गाडी जागची हलेना. पुढचा ट्रक दीड तासाने आला. नागूबाई रस्त्याकडेला बाभळीखाली गेली. मूलही गेलं.

गाडी ओढून माझ्या दारात आणली. क्लचप्लेट काढली तर कोळसा. धर्मपाल, चुलता, जालिंदर समोर उभे होते. मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. तरी तोंडातून निघालं ते वर सांगितलं ते.

जालिंदर म्हणाला, “व्हय. माजाच पाय चुकला.” त्यानंतर तो स्टिअरिंगला बसला नाही. आईसुद्धा त्याच्याशी बोलेना, असं कानावर आलं.

महिनाभर ती गाडी माझ्या डोळ्यांसमोर होती. जेवण जाईना. एका सकाळी मी विलायती दांडा काढला, साधा बसवला, नवी क्लचप्लेट घातली आणि दुधनीला गेलो.

“माणसं घाल,” मी जालिंदरला म्हणालो. “आट.”

धर्मपालही बसला. भीमाबाई बसल्या नाहीत. मी फरशीवर गाडी मुद्दाम थांबवली, पहिला गिअर टाकला आणि हलकेच सोडली. गाडी कुरकुर न करता, कसलाही वास न येता वर चढली. बाभळीपाशी मी ती थांबवली.

“क्लच जालिंदरनं जाळला न्हाय,” मी म्हणालो. “मी घातल्याला दांडा वझ्याला चालणारा नव्हता. मला ठावं हुतं. मी खोटं बोललो.”

मला वाटलं होतं, हे ऐकून त्याच्या छातीवरचा दगड उतरेल.

“आता घातलाय त्यो कुटला?” त्याने विचारलं.

“साधा. टॅक्सीचाच.”

“तवा हुता तुमच्याकडं?”

“हुता.”

“कुटं?”

“भिंतीला. शेजारच्याच खिळ्याला.”

जालिंदर दार उघडून खाली उतरला आणि दुधनीच्या दिशेने चालू लागला. मागोमाग धर्मपाल उतरला, मग बाकीचेही. मला कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

मी गाडी वळवली आणि त्यांच्या मागे निघालो, पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने. दुधनी येईपर्यंत एवढ्या हळू चालूनही ती एकदाही बंद पडली नाही.