खेकड्याची वाट

"पोरी, भिंत घालायच्या आधी वाऱ्याला विचारावं. तो कुठनं येतो, कुठनं जातो. त्याला अडवलंस तर घर घुसमटून मरतं."

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत गुडघे रोवून बसलेल्या बापाचा हा आवाज कोकिळेच्या कानात अजून तसाच होता, खारा आणि हसरा. अंबाजी मेस्त्री घर आधी वाळूत मांडायचा. ओंजळीनं ओटी, मुठीनं माजघर, काडीनं पाण्याचे पाट. परकरी कोकिळा शेजारी बसून आपलं निराळं घर रचायची. एकदा एक खेकडा तिच्या घरात मागून शिरला, भिंतीच्या पोटातूनच पळाला आणि पुढून निघाला. पोरीनं टाळ्या पिटल्या.

"बाबा, बघ, खेकड्याची वाट! आपण समद्यांना बघायचं, आपण कुणाला दिसायचं न्हाय!"

अंबाजी हसला. पण कारागिराचं हसणं ते. हसता हसता त्यानं ती वाट मनाच्या फडताळात ठेवून दिली.

ती बाहेर काढली चौलात, काळूराम बागाईतदाराचं घर बांधताना. सुपारीच्या बागेत रहाट होता. त्याचं पाणी शिंपण्याआधी अंबाजीनं घरातून फिरवलं. विहिरीपासून स्वयंपाकघराला वळसा घालत थेट ओटीपर्यंत दगडी पाट, आणि पाटाच्या कडेनं दोन भिंतींमधली एक चिंचोळी, गार वाट. बाहेरच्या भिंतीला भाजलेल्या मातीची जाळी. आतून गल्ली दिसावी, गल्लीतून आतलं काही दिसू नये. ओटीच्या टोकाला भिंतीत फटी ठेवल्या, म्हणजे बसल्या माणसाला पाण्याची झुळझुळ ऐकू यावी. वैशाखातही त्या ओटीवर उपरणं पांघरावंसं वाटे. अलिबागेहून, पार श्रीवर्धनाहून माणसं घर बघायला आली. अंबाजीचं नाव झालं.

काळूरामाला मात्र वाऱ्यापेक्षा वाट आवडली. "वा मेस्त्री! बायामाणसं विहिरीवर गेली काय, आली काय, पाहुण्याला पत्ता न्हाय! असं घर बांधणाऱ्याची लेकच ह्या घरात शोभंल."

अशी कोकिळा सून होऊन त्या घरात आली. आपण वाळूत काढलेल्या वाटेनं हंडा घेऊन चालू लागली.

पहिले काही दिवस तिला गंमत वाटली. मग कळलं, की लपाछपीत राज्य कधीतरी बदलतं, इथं बदलत नाही. स्वयंपाकघर, वाट, विहीर. विहीर, वाट, स्वयंपाकघर. नवरा सदू मुंबईला गिरणीत. शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा. देवळात जायचं म्हटलं तर सासू सगुणाबाई म्हणे, "जाळीतनं पालखी दिसती की गं. बापानं येवढी सोय करून दिलीया!" आणि वाटेत बोलायची चोरी. ओटीला झुळझुळ ऐकू जावी म्हणून ठेवलेल्या फटींतून बांगडीची किणकिणसुद्धा सासऱ्यापर्यंत पोचे. रहाट थांबला की तिचा श्वासदेखील ओटीवर जाऊन बसे.

ह्या सगळ्यात तिला उरली होती ती जाळी. जाळीतून वडाचा पार दिसे, कोळणींच्या पाट्या दिसत. कधी बालमैत्रीण मैना डोक्यावर भारा घेऊन जाताना जाळीकडे बघून उगाच खोकायची. तेवढ्या खोकल्यावर कोकिळेचा आठवडा निघे.

अंबाजी सणासुदीला यायचा. पण नातवंडाचं तोंड बघेपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही त्याच्या घरची रीत. आणि कोकिळेची कूस अजून उजवली नव्हती. स्वतःचा तांब्या घेऊन तो ओटीच्या काठावर टेकायचा, आत पाऊल टाकायचा नाही. आपण बांधलेल्या वाटेत आता कसं वाटतं, ते त्याला कधी कळलंच नाही. तो ओटीवरूनच हाक मारी, "कोकिळे, सुखात हायस ना गं?" आणि भिंतीच्या पोटातून उत्तर येई, "सुखात हाय, बाबा." सासू कौतुकानं म्हणे, गुणाची पोर. दळताना हिची ओवी ऐका:

बापानं बांधिलं, घर वाऱ्याच्या मापानं
लेक बोलते मैत्रिणीला, सुख दिलं बापानं

ओवी खोटी होती. पण खरं काय सांगायचं? ज्या घरासाठी बापाला चार गावं मान देतात, ते घर लेकीचा पिंजरा झालंय म्हणून? म्हातारपणी त्याच्या हातून भिंत सरळ बघायचा ओळंबा काढून घेतल्यासारखंच झालं असतं ते.

मग वेगळं मराठी राज्य झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षी वडापाशी एस.टी. थांबू लागली. उतरलेली माणसं पारावर बसत, बिड्या ओढत, जाळीकडे बघत. काळूरामानं व्याह्याला बोलावणं धाडलं.

अंबाजी दुपारी आला. काळूराम ओटीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत होता.

"मेस्त्री, दिसत न्हाय म्हणाला होतात. उन्हात बांगड्या चमकतात की! परवा बसमधनं उतरलेला एक चावट म्हणतो, शेठ, तुमच्या भिंतीला हिरव्या काचा लावल्या काय? बुजवून टाका ती जाळी."

"व्याहीबुवा, जाळी बुजवली तर वारा मरंल."

"वाऱ्याला काय, कौलांवरनं जाईल! तुमच्या भोकांच्या भिंतीतनं आमची अब्रू गळतीया, तिचं बोला."

अंबाजी उठला. माप घ्यायला गल्लीत गेला. जाता जाता त्यानं रहाटावरच्या गुणाजीला सांगितलं, "बैल थांबव रं जरा. पाट सुकू दे, भिंतीची ओल बघायचीय."

कोकिळा वाटेत उभी होती, कडेवर रिकामा हंडा. पाणी बारीक झालं, ठिबकलं, थांबलं. घर एकदम ऐकू लागलं. ओटीवरचा अडकित्ता खटखट वाजत होता. जाळीपलीकडे बाप आला. तिला त्याच्या भुवयांतले पांढरे केस दिसले, मानेवरचा घाम दिसला. त्याला ती दिसली नाही. जाळी त्यानं फार नेटकी केली होती.

भिंतीची जाडी बघायला त्यानं एका भोकातून बोट आत सारलं. चुन्यानं फुटलेलं नख, वाकडं पेर. वाळूत घरं काढणारं तेच बोट. उद्या ह्या भोकात चुना बसला की मैनाचा खोकलाही बाहेरच राहणार होता.

कोकिळेनं हंडा खाली ठेवला आणि ते बोट मुठीत धरलं.

अंबाजी दचकला. सवयीनंच विचारलं, "कोकिळे? सुखात हायस ना गं?"

ओटीवरचा अडकित्ता थांबला. स्वयंपाकघरातून सगुणाबाई ओरडली, "कुणाशी बोलतीस गं तिथं?"

कोकिळेला ठाऊक होतं, आता जे बोलू ते फटींतून सरळ ओटीवर जाईल. जाऊ दे. बापानं फटी त्यासाठीच ठेवल्या होत्या, आवाज पोचावा म्हणून. तिनं बोट सोडलं नाही.

"न्हाय, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "एक दिवससुद्धा सुखात नव्हते. तुझं घर लई देखणं हाय, पण मी ह्यात घुसमटून चाललेय. जाळी बुजवायची तर बुजव, पण आधी मला हितनं बाहेर काढ."